देवीचा मान आणि देवळाचा हक्क

(चेन्नईत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी विषय कळवा असा निरोप आला, तेव्हा मी "मद्रासची गावदेवी" असं कळवलं. लगेच तुमच्यातल्याच एकाचा फोन. "ताई, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली माणसं. देवीवर कशाला बोलायचं?" प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून सुरुवात त्याच्या उत्तरापासूनच करते.

मी देवीच्या भक्तीवर बोलणार नाही. मी पुराव्यावर बोलणार आहे. आपल्या वाडवडिलांच्या नावावर सातबारा नव्हता. ताम्रपट नव्हते. बखरी लिहायला कुणी बसवलं नव्हतं. लिहिणारे दुसरे, आणि लिहिण्यात आपण असलोच तर कुणाचे तरी चाकर म्हणून. मग आपला इतिहास उरला कुठे? तो गाण्यांत उरला, शिव्यांत उरला, आडनावांत उरला आणि गावदेवीच्या जत्रेत उरला. जत्रेत कोण पुढे चालतो, कोण पहिला नारळ फोडतो, कुणाच्या हातून काय झाल्याशिवाय जत्रा सुरू होत नाही, हे सगळं जुन्या व्यवहारांचे अवशेष आहेत. वकील जसा जुना कागद वाचतो, तशी जत्रा वाचता आली पाहिजे. वाचण्यासाठी हात जोडावे लागत नाहीत.

आता चेन्नईकडे येऊ. इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला जॉर्ज टाउनमधल्या तंबू चेट्टी स्ट्रीटवर काळिकांबाळ मंदिरात नेतात. शिवाजी महाराज १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत असताना इथे दर्शनाला आले होते, असं सांगितलं जातं. तसं चित्रही तिथे आहे. आपण फोटो काढतो, आईला पाठवतो. पण याच जॉर्ज टाउनच्या आणखी एका देवीबद्दल आपल्याला कुणी सांगत नाही.

इंग्रजांच्या काळात या भागाला ब्लॅक टाउन म्हणत. किल्ल्यात गोरे, बाहेर काळ्यांचं गाव. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्जच्या नावावरून त्याचं जॉर्ज टाउन झालं. या ब्लॅक टाउनची एक गावदेवी होती, एगात्ताळ. अर्थ सांगतात तो असा, एकमेव आई. एम. जे. वॉलहाउस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७४ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात एक टिपण लिहिलं. त्यात नोंद आहे की मद्रासच्या या देवीच्या वार्षिक उत्सवात साऱ्या गावाच्या वतीने तिच्या गळ्यात ताळी बांधली जाते, आणि नवरदेव म्हणून पारैयर जातीचा माणूस निवडला जातो. ताळी म्हणजे आपलं मंगळसूत्र. पुढे हीच माहिती एडगर थर्स्टनच्या ग्रंथात आली. हे थर्स्टन एग्मोरच्या सरकारी संग्रहालयाचे प्रमुख होते. त्यांचे 'कास्ट्स अँड ट्राइब्ज ऑफ सदर्न इंडिया'चे सात खंड १९०९ मध्ये मद्रासच्या सरकारी छापखान्यातून निघाले.

जरा थांबून या चित्राकडे बघा. शहर व्यापाऱ्यांचं. पैसा चेट्टींचा आणि कोमटींचा. सत्ता गोऱ्यांची. धर्म ब्राह्मणांच्या ताब्यात. आणि शहराच्या आईचा नवरा कोण? ज्याची सावली चालत नाही, ज्याची वस्ती पारचेरी म्हणून वेगळी काढली आहे, तो. त्याच्या हाताशिवाय साऱ्या शहराचं लग्नकार्य अडतं. असं का असावं?

तिरुवारूरलाही असंच. तिथल्या त्यागराजाच्या मोठ्या उत्सवात पारैयरांच्या प्रमुखाला देवाबरोबर हत्तीवर बसवत आणि चवरी त्याच्या हाती देत, हेही त्याच टिपणात आहे. आणि सगळ्यांत बोलकी गोष्ट थर्स्टनने कोमटी व्यापारी आणि मादिगा यांच्याबद्दल नोंदवली आहे. मादिगा म्हणजे तेलुगू मुलखात चामड्याचं काम करणारा समाज, आपल्याकडच्या मातंग-चांभार समाजांसारखा. कोमट्याच्या घरी लग्न ठरलं की मादिगाला निमंत्रण द्यावं लागे. पण ते कसं? कुणी पाहणार नाही अशा वेळी मादिगाच्या घराच्या मागच्या बाजूला जायचं आणि धान्य मोजायच्या लोखंडी मापात तोंड घालून पुटपुटायचं, की लहान घरात लग्न आहे, मोठ्या घरच्यांनी यावं. लहान घर म्हणजे कोमट्याचं. मोठं घर म्हणजे मादिगाचं!

मादिगांना याचा आनंद होत असे का? नाही. थर्स्टन लिहितो की त्यांना हा अपमान वाटे, आणि असं पुटपुटणारा सापडला तर ते त्याला चांगला चोप देतील अशी स्थिती होती. त्या माणसांची अक्कल पाहा. तोंडाने मोठं घर म्हणायचं, पण कुणाला ऐकू जाऊ द्यायचं नाही, हा कसला मान? तो त्यांनी नाकारला. माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचं मर्म या एका प्रसंगात आहे.

या नोंदी वाचून दोन चुका होऊ शकतात. पहिली चूक म्हणजे हसून सोडून देणं: अंधश्रद्धा आहे, यात काय पाहायचं. दुसरी चूक जास्त गोड आहे. ती म्हणजे छाती फुगवून म्हणणं, की बघा, आम्ही इथले राजे होतो, आमच्या बायका राण्या होत्या. या नोंदींवरून इतकंच ठामपणे म्हणता येतं की या भूमीशी, या देवीशी ज्यांचं नातं सगळ्यांत जुनं मानलं जात होतं, त्यांना बाजूला सारल्यावरही त्यांच्या हाताशिवाय विधी पुरा करण्याची हिंमत वरच्यांना झाली नाही. म्हणून एक दिवस ठेवला आणि तीनशे चौसष्ट दिवस काढून घेतले. हा एक दिवस म्हणजे पावती. माल गेला, पावती उरली.

आता पुजारणींकडे येते. एगात्ताळच्या गोष्टीत मान पुरुषाला आहे. पण मद्रास इलाख्याच्या तेलुगू भागात मादिगा समाजात मातंगी नावाची एक परंपरा होती. मातंगी म्हणजे देवीचं रूप मानलेली बाई. हे पद आईकडून लेकीला वारशाने जात नसे. एक मातंगी वारली की समाजातल्या मुलींमधून अंगात येण्याच्या कसोटीवर दुसरी निवडली जाई, ती लग्न करत नसे, आणि तिचं पद आयुष्यभराचं असे. एमा राउशेनबुश-क्लॉफ या मिशनरी बाईंनी ओंगोल भागातल्या मादिगांवर १८९९ मध्ये एक पुस्तक लिहिलं, त्यात आणि नंतर थर्स्टनच्या ग्रंथात हिचं वर्णन आहे.

जत्रेच्या दिवशी मातंगी काय करी? ताडीची चूळ भरून ती जमलेल्या लोकांवर थुंकत असे. वरच्या जातींची नावं घेऊन, त्यांचा गर्व कसा उतरवला याची गाणी म्हणत नाचत असे. आणि ज्यांना एरवी तिचा स्पर्श चालत नसे, ते उभे राहून ती थुंकी अंगावर घेत. कारण तिच्या थुंकीने आपण शुद्ध होतो अशी त्यांची समजूत. विचार करा. ज्या देशात अस्पृश्याने थुंकायला गळ्यात मडकं बांधावं असा पेशव्यांच्या पुण्यातला दाखला आपण शाळेपासून ऐकत आलो, त्याच देशात एका अस्पृश्य बाईची थुंकी प्रसाद होती. एक दिवस.

या मातंगीचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे, आणि तो रेणुकेमुळे आहे. माहूरची रेणुका आपल्या साडेतीन पीठांतली. सौंदत्तीची यल्लम्मा ही तीच. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या मुलांना यल्लम्मा सांगायला नको. कथा तुम्हाला माहीत आहे. जमदग्नीला बायकोच्या मनाचा संशय आला, त्याने मुलाला आईचं डोकं उडवायला सांगितलं, आणि परशुरामाने ते उडवलं. मराठीत ही कथा बहुतेक इथे थांबते. बापाने वर दिला, आई परत उठली, गोड शेवट.

पण तमिळ मुलखात कथा पुढे जाते. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी १९१६ च्या आपल्या ग्रामदेवतांवरच्या पुस्तकातही ती दिली आहे. परशुराम मारायला धावतो तेव्हा एक पारैयर बाई रेणुकेला मिठी मारते. तो दोघींची डोकी उडवतो. नंतर आई परत उठावी म्हणून वर मागतो, आणि घाईत डोकी उलटसुलट बसतात. ब्राह्मणी डोकं आणि पारैयर धड, ती मारियम्मा. पारैयर डोकं आणि ब्राह्मणी धड, ती यल्लम्मा. आता माहूरला देवीचं नुसतं मुख आहे, धड नाही, हे आठवा. तमिळनाडूत कितीतरी गावांत अम्मनचं नुसतं शीर पुजतात, हेही आठवा.

ही कथा सांगणाऱ्याला काहीतरी लपवायचं आहे आणि ते लपत नाही, असं मला वाटतं. ती बाई जात न पाहता दुसऱ्या बाईला वाचवायला धावली. तिचं नाव कथेत नाही. देवीच्या अर्ध्या शरीरावर मात्र तीच आहे. पुढे जेव्हा ही गावदेवी मोठ्या देवळात गेली, तेव्हा देवळाने मुखवटा ठेवला आणि धड विसरलं. देवीचं धड ज्यांच्या घरचं, ते दाराबाहेर राहिले.

जोतीराव फुल्यांनी परशुरामाला का गाठलं, हे इथे कळतं. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी चिरंजीव म्हणवणाऱ्या परशुरामाला नोटीस काढली, की जिवंत असशील तर सहा महिन्यांत हजर हो. लोक ती नोटीस विनोद म्हणून सांगतात. पण फुल्यांची पद्धत गंभीर होती. पुराणातल्या कथा म्हणजे हरलेल्यांच्या इतिहासावर जिंकलेल्यांनी चढवलेला रंग, तो खरवडा, असं ते सांगत होते. खंडोबासारख्या दैवतांना ते बळीराजाच्या राज्यातले अधिकारी म्हणतात. पुढे शरद पाटलांनी 'दास-शूद्रांची गुलामगिरी'त निर्ऋतीला स्त्रीसत्ताक गणाची राज्ञी म्हणून वाचलं. आणि इथे, याच शहरात रायपेट्टाला, पंडित अयोथी दास यांनी १८९८ मध्ये शाक्य बौद्ध संघ सुरू केला, १९०७ पासून साप्ताहिक काढलं, आणि मांडलं की पारैयर हे मूळचे बौद्ध होत आणि ज्यांना आज अम्मन म्हणून पुजतात त्या अंबिकेच्या मागे एक बौद्ध भिक्षुणी आहे. बाबासाहेबांच्या धर्मांतराआधी ५८ वर्षं. तिघांचे निष्कर्ष वेगळे आहेत, आणि प्रत्येकाशी वाद घालता येईल. पण तिघांची चाल एकच. देवीसमोर वाकायचं नाही. तिला साक्षीदार म्हणून उभं करायचं.

ही चाल फक्त आपल्याच देशात लागू पडते असं नाही. पश्चिम आफ्रिकेत नायजेरियाच्या उत्तरेला दौरा नावाचं गाव आहे. हौसा भाषा बोलणाऱ्या लोकांचं ते मूळपीठ मानलं जातं. तिथे कुसुगू नावाची एक विहीर आहे, आजही लोकांना दाखवतात. परंपरा सांगते की दौरावर पूर्वी राण्यांचं राज्य होतं. कुफुरूपासून एकेक राणीचं नाव मोजतात. गादी बाईकडून बाईकडे. त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध दौरामा. विहिरीत एक नाग होता, तो आठवड्यातून एकच दिवस, शुक्रवारी, पाणी भरू द्यायचा. मग बगदादहून बयाजिद्दा नावाचा राजपुत्र आला. त्याने रात्री विहिरीवर जाऊन नागाचं डोकं उडवलं. राणीने त्याच्याशी लग्न केलं. त्यांच्या वंशातून हौसांची सात राज्यं झाली. त्याला एका दासीपासूनही मुलगा झाला. त्याच्या वंशजांच्या सात राज्यांना परंपरा "बांझा", म्हणजे खोटी, कमअस्सल म्हणते.

ऐकताना काही ओळखीचं वाटलं का? बाहेरून आलेला वीर. डोकं उडवणं. लग्न. आणि त्यानंतर गादी मुलांकडे. त्या नागाचं नाव काय होतं ठाऊक आहे? सर्की. हौसा भाषेत सर्की म्हणजे राजा. म्हणजे जुनी सत्ता मारली गेली, आणि मारणाऱ्याच्या वंशाने तिचंच नाव पदवी म्हणून घेतलं. राणीची आठवणही पुसली नाही. दौराच्या राजघराण्यात 'मगाजिया' ही बाईला दिली जाणारी पदवी चालत राहिली. पदवी राहिली, राज्य गेलं. आणि दासीचा मुलगा खोटा ठरला. आपल्याकडे ज्याला जात म्हणतात ती तिथे नाही, पण अस्सल-कमअस्सल ठरवणारी वंशावळ कशी तयार होते ते तिथेही दिसतं.

तर एगात्ताळ, मातंगी, रेणुका, दौरामा. चार ठिकाणी एकच हिशेब. जागा पवित्र राहते, नाव राहतं, एक दिवसाचा मान राहतो. निर्णय, जमीन आणि दानपेटी दुसरीकडे जाते.

मराठी माणसाला हे महारकीच्या उदाहरणावरून चटकन समजेल. बावन्न हक्क म्हणून ज्यांचा गौरव केला जायचा, ते काय होते? होळीला मान, पोळ्याला मान, मेलेलं ढोर ओढण्याचा मान, घरोघरची भाकरी मागण्याचा मान. माझे पणजोबा येसकर होते. गावच्या वेशीवर काठी घेऊन उभं राहणं हा आपला मान आहे असं ते सांगत, असं घरात ऐकलं आहे. बाबासाहेबांनी या मानाचं काय केलं? १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं. वतन म्हणजे गुलामी, ते सोडा, असं स्वतःच्या समाजाला ठणकावलं. त्या काळी लोकांना ते जड गेलं. मान सुटेल या भीतीने नाराज झालेले आपलेच लोक होते. कारण ज्याच्याकडे हक्क नसतो, त्याला मानाची फार सवय लागते.

म्हणून कुणी तुम्हाला मान देऊ केला की तीन प्रश्न विचारा. एक, इथला निर्णय कोण घेतं? दोन, इथला पैसा कुणाकडे जातो? तीन, उद्या मी हा मान नाकारला तर माझं काय होईल? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. जो मान नाकारता येत नाही ती वेठबिगारी असते.

या तिसऱ्या प्रश्नावर मातंगीची परंपरा नापास होते, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. तिची थुंकी अंगावर घेणाऱ्यांनी तिला जमीन दिली नाही, शाळा दिली नाही. आणि चेन्नईच्या शेजारच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात, तसंच आंध्रच्या चित्तूर भागात, अरुंधतियार आणि मादिगा समाजातल्या लहान मुली मातम्मा देवीला सोडल्या जातात, या तक्रारीवरून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१७ मध्ये दोन्ही राज्य सरकारांना नोटीस काढली. मुलगी आजारी पडली, नवस बोलला, तिला देवीला वाहिली. मग तिचं लग्न नाही, आणि गावातले पुरुष तिला सार्वजनिक मानतात. आपल्याकडे जोगतीण, मुरळी. नाव वेगळं, घर एकच. देवीची राणी म्हणायचं आणि वापरायचं. तेव्हा "आमच्या बायका पुजारणी होत्या" असं अभिमानाने सांगताना कुणाच्या मुलीच्या आयुष्यावर आपण तो अभिमान उभा करतो आहोत, हे पाहा.

या प्रथेतून बाहेर पडण्याची लढाईही आपलीच आहे, कुणी वरून दिलेली नाही. १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' काढलं आणि मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम चालवली. शिवूबाई नावाच्या मुरळीने त्याला जाहीर प्रतिसाद दिला आणि १९०९ मध्ये लग्न करून ती त्या जगण्यातून बाहेर आली. जून १९३६ मध्ये मुंबईत पोतराज, वाघ्या-मुरळी, जोगतिणी यांची सभा झाली, तिथे बाबासाहेब स्वतः बोलले. इथे मद्रासमध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी कायदेमंडळात लढल्या. त्यांची आई देवदासी समाजातली. आणि मूवलूर रामामिर्तम अम्मैयार. स्वतः देवदासी म्हणून वाढलेल्या, पुढे पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीत आलेल्या, या विषयावर १९३६ मध्ये कादंबरी लिहिणाऱ्या. १९४७ मध्ये मद्रासचा देवदासी प्रतिबंधक कायदा झाला. महाराष्ट्राचा आजचा देवदासी निर्मूलन कायदा २००५ चा.

तुमच्यातल्या तमिळ मैत्रिणींना 'पुदुमै पेण' योजना माहीत असेल. सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकून कॉलेजला गेलेल्या मुलीच्या खात्यात दरमहा १००० रुपये. सप्टेंबर २०२२ पासून सुरू आहे. त्या योजनेच्या मुख्य नावात मूवलूर रामामिर्तम अम्मैयारांचं नाव आहे. देवळाला सोडलेल्या बाईच्या नावाने मुली कॉलेजला जातात. मला मातंगीच्या एक दिवसाच्या ताडीपेक्षा हे हजार रुपये मोठे वाटतात, कारण ते दर महिन्याला येतात आणि त्यासाठी अंगात यावं लागत नाही.

आता दुसरी बाजू, हक्काची. इथे तमिळनाडूने जे केलं ते आपण मराठी लोकांनी नीट समजून घेतलं पाहिजे. पेरियार नास्तिक होते. देव नाही, असं ते चौकाचौकात सांगत. तरी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी गाभाऱ्यात सर्व जातींना पुजारी म्हणून प्रवेश हवा अशी मागणी लावून धरली. नास्तिकाला गाभारा कशाला? कारण त्यांना देव नको होता, पण गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर जी शूद्र-अतिशूद्रांची हीन पायरी ठरते ती मोडायची होती. करुणानिधी सरकारने १९७० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून वंशपरंपरागत पुजारीपण संपवलं. १९७२ मध्ये शेषम्माळ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणं मान्य केलं. पुजाऱ्याची नेमणूक ही ऐहिक बाब आहे असं म्हटलं, पण आगमांनुसार ठरलेल्या पंथाबाहेरचा पुजारी नेमता येणार नाही अशी मेखही ठेवली. २००६ मध्ये पुन्हा आदेश निघाला, सर्व जातींसाठी प्रशिक्षण केंद्रं निघाली, दोनशेहून अधिक तरुण शिकून बाहेर पडले, आणि खटल्यामुळे वर्षानुवर्षं बसून राहिले. २०१५ चा निकाल आला, तोही दोन्हीकडे बोट दाखवणारा. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये वेगवेगळ्या जातींच्या २४ प्रशिक्षितांना अर्चक म्हणून नेमणुका मिळाल्या. २०२३ मध्ये तीन तरुणींनीही अर्चक प्रशिक्षण पूर्ण केलं.

१९७० ते २०२१. एक्कावन्न वर्षं. एक दिवसाचा मान मिळायला वेळ लागत नाही. हक्क मिळायला दोन पिढ्या जातात.

बाईच्या हक्काचाही एक निकाल आहे. मदुराई जिल्ह्यात उसिलंपट्टी तालुक्यात दुर्गा अम्मनच्या एका देवळात पुजारी वारला. त्याची मुलगी आधीपासून त्याच्या जागी पूजा करत होती. गावातल्या काही पुरुषांनी हरकत घेतली, बाईने पूजा करायची नाही. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. २००८ मध्ये न्यायमूर्ती के. चंद्रू यांनी निकाल दिला की बाईने पुजारी होऊ नये असा कोणताही कायदा नाही, आणि देवी बाई असताना पुजारीण बाई चालत नाही ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. हे तेच चंद्रू, ज्यांच्या वकिलीच्या काळावर 'जय भीम' हा चित्रपट आहे. आपल्याकडे पंढरपुरात जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचा वंशपरंपरागत हक्क संपला, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजाऱ्याच्या जागेसाठी अर्ज मागवले.

कुणी म्हणेल, आपल्याला पुजारी व्हायचंच नाही. मलाही नाही. पण ज्या देवळाच्या नावावर जमीन आहे, दुकानांचं भाडं आहे, ज्याच्या समितीवर बसलेला माणूस गावात पुढारी होतो, ते देऊळ सार्वजनिक संस्था आहे. आपण देवाला सोडलं म्हणून सार्वजनिक संस्थेवरचा हक्क सोडलेला नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह करणाऱ्या बाबासाहेबांना रामाच्या दर्शनाची ओढ नव्हती.

तुमच्यातले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहात. तुम्हाला लवकरच मान मिळायला लागेल. गावच्या जयंतीला हार, कार्यालयात "आमच्याकडे भेदभाव नाही" हे दाखवण्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची, विविधतेच्या पत्रकावर फोटो. माझ्या एका जुन्या नोकरीत सहा डिसेंबरला मला भाषण करायला बोलवत आणि बढतीच्या यादीत मात्र माझं नाव दरवर्षी राहून जाई. तेव्हा मला लोखंडी मापात पुटपुटणारा कोमटी आठवायचा. मोठ्या घरच्यांनी यावं! खुर्ची घ्या, हारही घ्या. पण तीन प्रश्न विचारल्याशिवाय घरी जाऊ नका.

आणि एक काम तुमच्यावर सोपवते. सुट्टीत गावी जाल तेव्हा आजी-पणजीला विचारा. आपल्या वस्तीतल्या मरीआईचं ठाणं कुठे होतं? त्याची जागा आज कुणाच्या नावावर आहे? जत्रेत पहिला मान कुणाचा होता आणि तो कुणी, कधी काढून घेतला? घरात कुणी देवीला सोडलेली बाई होती का, तिचं नाव काय, ती कशी जगली? या शेवटच्या प्रश्नाला आजी लगेच उत्तर देणार नाही. घाई करू नका, तिच्या शेजारी बसा. जे सांगेल ते तारीख घालून, तिच्याच शब्दांत, वहीत लिहा. १९५६ नंतर अनेक घरांनी देव विहिरीत सोडले, ते योग्यच केलं. पण त्यांच्याबरोबर बायकांच्या आठवणी बुडाल्या असतील तर त्या आपल्याला वर काढायच्या आहेत. एगात्ताळचा नवरदेव आपल्याला वॉलहाउस नावाच्या इंग्रजाने लिहिला म्हणून ठाऊक झाला, आणि त्या नवरदेवाला स्वतःला काय वाटत होतं ते कुणी विचारलंच नाही. पुढच्या पिढीला आपल्या आजीबद्दल वाचायचं असेल तर ते लिहिणारं माणूस आपल्याच घरातलं असावं.

जय भीम.